पिन माझाच, पण रक्कम माझी नाही

पानगळ:

नमस्कार. तीन आठवडे एकाच गोष्टीत अडकले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

धाकट्या बहिणीची शस्त्रक्रिया होती. रुग्णालयाजवळच्या एका हॉटेलात चार रात्रींची खोली घेतली होती. पोहोचले तेव्हा कळलं की शस्त्रक्रियेची तारीख अलीकडे आणली आहे आणि तिसऱ्या दिवशी तिला घरी सोडणार. मी तिथल्या तिथे काउंटरवर सांगितलं की मला दोनच रात्री लागतील. काउंटरवरचा मुलगा "हरकत नाही, बदल करतो" म्हणाला आणि हॉटेलच्या नंबरवरून मला तसा मेसेजही पाठवला. त्याच वेळी त्याने कार्ड मशीनमध्ये घालून मला पिन टाकायला सांगितला. "ही अनामत आहे, जाताना बिल यातूनच होईल," असं म्हणाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी छापील बिल मिळालं. दोन रात्री, कर, एकूण. मी सही केली, त्यांनी शिक्का मारला. कार्ड पुन्हा मागितलं नाही. पाचव्या दिवशी कार्डावर रक्कम पडली ती चार रात्रींची, आणि वर आणखी थोडी, जिचा मेळ मला आजही लागलेला नाही. सही केलेल्या बिलाच्या दुपटीहून जास्त.

बँकेला फोन केला. बाईंनी विचारलं, "हा व्यवहार तुम्ही केलात का?" मी म्हटलं, "नाही, एवढा व्यवहार मी केलेला नाही." त्यांनी लगेच कार्ड बंद केलं आणि तक्रार घेतली. बारा दिवसांनी उत्तर आलं की व्यवहार चिप आणि पिन वापरून झालेला आहे, सबब तक्रार बंद. हॉटेलवाले आधी मॅनेजर नाहीत म्हणत होते. आता म्हणतात, चार रात्रींचं बुकिंग होतं आणि रद्द केल्यास पैसे परत नाहीत.

पैसे भरायची शेवटची तारीख नऊ दिवसांवर आली आहे. मी एकतीस वर्षं मुलांना गणित शिकवलं. दोनाचे चार झाले आणि ते बरोबर आहेत असं मला सांगितलं जातंय, हे सहन होत नाही. पुढे काय करू?

रानवाट:

ताई, आधी एक तपासा. ही रक्कम अजून "प्रलंबित" दिसते का? हॉटेलवाले येतानाच जास्त रक्कम अडवून ठेवतात. ती नुसती अडवलेली असेल तर काही दिवसांत आपोआप सुटते. माझ्या बाबतीत तसंच झालं होतं आणि मी उगाच आठवडाभर भांडत बसलो.

पानगळ:

नाही हो. अनामत वेगळी दिसत होती, ती सुटली. ही रक्कम छापील स्टेटमेंटमध्ये आली आहे.

दूरदेशी:

हॉटेल परदेशात होतं का? माझं जास्तीचं बिल निघालं ते चलनाच्या घोळामुळे. मशीनने विचारलं होतं, तिथल्या चलनात देणार की तुमच्या. मी सवयीने "माझ्या" दाबलं आणि रूपांतराचा दर दुकानदाराच्या बाजूने लागला, तोही चढा. त्यावर काही करता आलं नाही, कारण निवड मीच केली होती. न विचारता त्यांनी ती केली असती तर मात्र तक्रार चालली असती.

पानगळ:

चलन एकच होतं. तो प्रश्न नाही.

ताळेबंद:

ताई, मी अकरा वर्षं एका बँकेच्या कार्ड-तक्रार विभागात काढली. आता तिथे नाही, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो. तुमची बाजू भक्कम आहे. तुमची तक्रार चुकीच्या खणात पडली, एवढंच झालंय. हे मी रोज पाहायचो आणि प्रत्येक वेळी वाईट वाटायचं, कारण माणूस खरं बोलत असायचा आणि तरीही हरायचा.

"हा व्यवहार तुम्ही केलात का" या प्रश्नावर "नाही" म्हटलं की बँकेच्या भाषेत त्याचा एकच अर्थ होतो: कार्ड कुणी तरी दुसऱ्याने वापरलं, म्हणजे फसवणूक. मग कार्ड बंद होतं आणि तपास एवढाच होतो की कार्ड आणि पिन तिथे हजर होते का. ते होते. तुम्हीच होतात. त्यामुळे तक्रार बंद झाली. बँकेने दिलेलं उत्तर त्या प्रश्नापुरतं खरं आहे. पण तुमचा प्रश्न तो नव्हताच.

तुमचं खरं म्हणणं असं आहे: व्यवहार माझा आहे, दोन रात्रींची रक्कम मला मान्य आहे, त्यावरची रक्कम मी मंजूर केलेली नाही. कार्डाच्या जाळ्यात, म्हणजे बँकांना जोडणाऱ्या व्हिसा, मास्टरकार्ड यांसारख्या कंपन्यांच्या नियमांत, याला स्वतंत्र जागा आहे. व्हिसाच्या यादीत १० ने सुरू होणारी कारणं फसवणुकीची, ११ ची मंजुरीतल्या दोषांची, १२ ची प्रक्रियेतल्या चुकांची आणि १३ ची ग्राहकाच्या गाऱ्हाण्यांची. त्यात १२.५ म्हणजे चुकीची रक्कम. मास्टरकार्डकडे हाच प्रकार ४८३४ या क्रमांकाखाली येतो. तुमची पहिली तक्रार दहाच्या खणात गेली. ती बाराच्या खणात जायला हवी होती.

दोन्ही खणांत पुरावा वेगवेगळा चालतो. दहामध्ये हॉटेलने "पिन टाकला होता" एवढं दाखवलं की संपलं. बारामध्ये पिनला काही किंमत नाही. तिथे विचारतात, ग्राहकाने कोणत्या आकड्याला होकार दिला आणि तो कुठे लिहिलेला आहे. तुमच्याकडे सही-शिक्क्याचं बिल आहे. या प्रकारच्या तक्रारीत त्याहून वजनदार कागद मी क्वचितच पाहिला. बहुतेक लोकांकडे मशीनची पुसट झालेली चिठ्ठीसुद्धा नसायची.

मुदतीची काळजी करू नका, पण रेंगाळूही नका. चुकीच्या रकमेसाठी व्हिसात व्यवहार नोंदल्यापासून १२० दिवस आणि मास्टरकार्डमध्ये ९० दिवस असतात. ही मुदत तुमच्या बँकेने दावा पुढे पाठवण्याची आहे. बँक तुमच्याकडून कागद त्याच्या बऱ्याच आधी मागते.

आता फोन करू नका. फोनवर पुन्हा तोच प्रश्न येईल. लिहून द्या, आणि पहिल्याच वाक्यात व्यवहार मान्य करा. मी असं लिहिलं असतं:

"अमुक तारखेचा हॉटेलचा व्यवहार मी स्वतः केलेला आहे. ही फसवणुकीची तक्रार नाही. सोबतच्या अंतिम बिलाप्रमाणे दोन रात्रींची रक्कम मला मान्य आहे आणि ती मी भरत आहे. कार्डावर मात्र त्याहून जास्त रक्कम आकारण्यात आली. या दोन आकड्यांतल्या फरकावर माझा आक्षेप आहे. आधीची तक्रार फसवणूक म्हणून नोंदली गेली होती. ती 'चुकीची रक्कम' या कारणाखाली नव्याने नोंदवावी आणि नवा तक्रार क्रमांक द्यावा."

आक्षेप फक्त फरकावर घ्यायचा. पूर्ण रकमेवर घेतला की हॉटेल "बाई राहिल्या होत्या" असं दाखवून सगळाच दावा पाडू शकतं.

सोबत बिल, मेसेजचा तारीख-वेळ दिसणारा फोटो आणि स्टेटमेंटचं पान जोडा. तिसऱ्या दिवशी तुम्ही तिथून निघालात हे दाखवणारं काहीही असेल, तिकीट, रुग्णालयाचा कागद, तेही जोडा. हॉटेल काय म्हणेल ते आत्ताच दिसतंय: बुकिंग चार रात्रींचं होतं. मग वाद रकमेवरून सरकून रद्द केलेल्या सेवेवर जातो, व्हिसाच्या यादीत १३.७ वर. तिथे तो मेसेज तुम्हाला तारेल. बदल त्यांनी स्वतः लिहून मान्य केल्यावर रद्द करण्याचा नियम कसा लागू होईल?

आणखी एक. हॉटेलं आणि भाड्याच्या गाड्या यांना ग्राहक गेल्यावरही काही रक्कम लावायची मुभा असते. खोलीतल्या वस्तू, इंधन, रस्त्यावरचा दंड, असलं. पण ग्राहकाने आधी संमती दिलेली असावी लागते आणि नंतर हिशेब दाखवावा लागतो. म्हणून त्या "आणखी थोड्या" रकमेचा तपशील हॉटेलकडे लेखी मागा. उत्तर आलं तर उपयोगी पडेल, नाही आलं तरी तुम्ही विचारल्याची नोंद राहील.

पानगळ:

दादा, तुम्ही लिहिलेलं दोनदा वाचलं. "नाही" हा शब्द मीच बोलले होते, आणि त्याने हे सगळं वेगळ्या वाटेला गेलं, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. आजच लिहून देते. पैसे भरण्याचं काय करू? सगळे भरले तर मी मान्य केलं असं होईल का? आणि कार्ड तर बंद झालंय. पैसे परत आले तर येणार कुठे?

ताळेबंद:

भरल्याने हक्क जात नाही. पण वादातली रक्कम बाजूला ठेवली आहे असं बँकेने लिहून दिलं असेल तरच ती न भरता थांबा. नुसतं फोनवर "काळजी करू नका" म्हटलेलं चालत नाही. बहुतेक कार्डांवर एकूण देय रकमेतला थोडाही भाग राहिला की व्याजमुक्त मुदत जाते आणि बाकीच्या खरेदीवरही व्याज लागायला सुरुवात होते. लेखी उत्तर शेवटच्या तारखेपर्यंत आलं नाही आणि ऐपत असेल तर सगळं भरून टाका आणि पत्रात लिहा की आक्षेप कायम ठेवून भरते आहे. ऐपत नसेल तर निदान मान्य असलेली रक्कम तरी भरा, आणि ती किमान देय रकमेपेक्षा कमी नाही ना ते बघा.

कार्डाचा नंबर बदलला तरी खातं तेच असतं. जुन्या नंबरावर आलेला परतावा बँक सहसा नव्या कार्डावर वळवते. हॉटेल कधी "आम्ही पाठवले, तुमच्या कार्डावर जात नाहीत" म्हणालं तर त्यांच्याकडून एआरएन, म्हणजे परताव्याचा माग काढायचा क्रमांक, मागा. तो २३ अंकी क्रमांक असतो आणि परतावा खरंच निघाला असेल तर तो त्यांच्याकडे असतोच. तो घेऊन बँकेला शोधायला सांगायचं. क्रमांक देता येत नसेल तर पैसे निघालेलेच नाहीत असं समजा.

सातासमुद्रा:

ताळेबंद यांनी कार्डाच्या जाळ्याचे नियम सांगितले. त्यावर प्रत्येक देशाचा कायदाही असतो, आणि इथे वाचणारे कुठे कुठे राहतात म्हणून लिहितो. अमेरिकेत १९७४ चा फेअर क्रेडिट बिलिंग अ‍ॅक्ट आहे. चूक ज्या स्टेटमेंटमध्ये पहिल्यांदा आली ते पाठवल्यापासून ६० दिवसांत लेखी कळवायचं. बँकेने ३० दिवसांत पोच द्यायची आणि दोन बिलिंग चक्रांत, फार तर ९० दिवसांत, निकाल द्यायचा. तोवर वादातली रक्कम रोखून धरता येते. माझं पहिलं पत्र फुकट गेलं, कारण मी ते पैसे भरण्याच्या पत्त्यावर पाठवलं. तक्रारीचा पत्ता वेगळा असतो, स्टेटमेंटच्या मागे बारीक अक्षरात.

ब्रिटनमध्ये कन्झ्युमर क्रेडिट अ‍ॅक्टचं ७५ वं कलम, तोही १९७४ चाच. वस्तू किंवा सेवेची किंमत १०० पौंडांहून जास्त आणि ३०,००० पौंडांपर्यंत असेल तर करारभंगाला विक्रेत्याबरोबर कार्ड देणारी बँकही जबाबदार असते. भारतात रिझर्व्ह बँकेच्या कार्डविषयक निर्देशांनुसार बिलावर आक्षेप घेतला की बँकेने ३० दिवसांच्या आत स्पष्टीकरण आणि गरज असेल तिथे कागदोपत्री पुरावा द्यायचा असतो. तेवढ्या दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

रानवाट:

ताई, हॉटेल तुम्हाला फोन करून म्हणेल, "तक्रार मागे घ्या, आम्ही उद्या पैसे टाकतो." माझ्या मित्राने मागे घेतली. पैसे आले नाहीत आणि बँकेने दुसऱ्यांदा तक्रार घेतली नाही.

ताळेबंद:

अगदी बरोबर. परतावा खात्यात दिसेपर्यंत मागे घ्यायची नाही. आणि तो दिसला की त्याच दिवशी बँकेला कळवायचं, नाहीतर एकाच रकमेचे पैसे दोनदा येतात आणि मग उलटी वसुली लागते. त्यांनी परताव्याचं लेखी आश्वासन दिलं तर ते जपून ठेवा. कबूल करून न पाठवलेला परतावा हे स्वतंत्र कारण आहे, व्हिसाच्या यादीत १३.६.

पानगळ:

आठ आठवडे झाले. काय घडलं ते लिहिते, म्हणजे पुढे कुणाला शोधताना सापडेल.

पत्र जसंच्या तसं दिलं, ईमेलने आणि शाखेत पोच घेऊन. शाखेतल्या मुलीने आधी "ही तक्रार बंद झालेली आहे" म्हणून परत द्यायला घेतलं. मी तिला दुसरं वाक्य वाचून दाखवलं, "ही फसवणुकीची तक्रार नाही." तिने पुन्हा वाचलं, आत जाऊन आली आणि नवा क्रमांक दिला. सहाव्या दिवशी फरकाची रक्कम तात्पुरती जमा झाली. "तात्पुरती" हा शब्द त्यांनी ठळक छापला होता, म्हणून मी ती हिशेबात धरली नाही.

हॉटेलचा फोन आला, रानवाट म्हणाले होते तसाच. मी सांगितलं की जे असेल ते बँकेला लिहून द्या.

चौथ्या आठवड्यात हॉटेलचं उत्तर आलं. बँकेने ते मला पाठवलं आणि म्हणणं मांडायला दहा दिवस दिले. चार रात्रींच्या बुकिंगचा कागद, रद्द करण्याचा नियम आणि एक नवीन बिल, जे मी कधी पाहिलंच नव्हतं. त्या नव्या बिलात मला ती "आणखी थोडी" रक्कम सापडली. खोली उशिरा सोडल्याबद्दलचा आकार, पाचव्या दिवशी दुपारचा. पाचव्या दिवशी दुपारी मी घरी होते, बहिणीला भात भरवत.

मी एक तक्ता केला. डावीकडे तारीख, मधे हॉटेलचा कागद काय म्हणतो, उजवीकडे माझ्याकडचा कागद काय म्हणतो. पहिल्या दिवशी त्यांचा मेसेज. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याच शिक्क्याचं दोन रात्रींचं बिल, दुपारी रुग्णालयातून सोडल्याच्या कागदावर नातेवाईक म्हणून माझी सही, संध्याकाळचं परतीचं तिकीट. पाचव्या दिवसासमोर त्यांचा उशिरा खोली सोडल्याचा आकार. खाली एकच ओळ लिहिली: तिसऱ्या दिवशी शिक्का मारून दिलेलं बिल हॉटेलने आपल्या उत्तरात जोडलेलं नाही.

काल पत्र आलं. फरकाची रक्कम आता कायमची जमा. हॉटेलने पुढे काही कळवलं नाही.

एक राहिलं आहे. लेखी उत्तर वेळेत न आल्याने मी सगळे भरायचं ठरवलं होतं, पण त्या महिन्यात बहिणीची औषधं होती, म्हणून मान्य रक्कमच भरली. त्यामुळे एका महिन्याचं व्याज आणि त्यावरचा कर लागला आहे. तो परत मागता येतो का?

ताळेबंद:

मागा. निकालाच्या पत्राचा क्रमांक लिहून दोन ओळींचा अर्ज द्या: वादातली रक्कम चुकीची होती हे बँकेने मान्य केलं आहे, तेव्हा तिच्यामुळे लागलेलं व्याज आणि कर परत जमा करावा. व्याज किती दिवसांचं आणि किती रकमेवर लावलं याचा तपशीलही मागा. बाकीच्या खरेदीवर लागलेलं व्याजही त्यातच घाला, कारण व्याजमुक्त मुदत त्या रकमेमुळेच गेली. ते बरेचदा विसरतात.

आणि तो तक्ता जपून ठेवा. माझ्या टेबलावर असा कागद आला असता तर मी तो नव्या मुलांना दाखवला असता.

पानगळ:

आज अर्ज दिला. पोच घेतली आहे. बहिणीचे टाके निघाले, ती आता जिना चढते. व्याजाचं उत्तर आलं की इथेच लिहिते.